आम्पोन्सेममामाची फळी

लोखंडाचं वावडं तसं आमच्या अख्ख्या आसुआनो गावालाच आहे. बोसोम्त्वे तळ्याच्या पाण्याला लोखंड लावायचं नाही. गळ नाही, साखळी नाही, खिळे ठोकलेली होडी तर नाहीच नाही. पलीकडच्या काठाला हल्ली पाहुण्यांना फिरवायला मोटारबोटी घरघरत असतात; त्यांचं त्यांना लखलाभ. आमचा माणूस अजून एका अखंड लाकडाच्या फळीवर बसतो, दोन्ही हातांत भोपळ्याच्या कवट्या धरतो आणि पाणी मागे सारत सारत आपल्या जाळ्यापर्यंत जातो. पण आम्पोन्सेममामाचं सोवळं गावाच्याही वरताण होतं. त्याच्या घराच्या दाराला बिजागऱ्यासुद्धा चामड्याच्या होत्या.

ओबेंग कोळी त्याला चिडवायचा, "मामा, तुमचे दातसुद्धा लाकडाचेच असतील."

"लाकडाचे आहेत," मामा म्हणायचा, "पण चावतात. ये जवळ, दाखवतो."

गावच्या फळ्या हाच मामा करायचा. म्हणून त्याचा एवढा तोरा, आणि तो आम्ही चालवूनही घ्यायचो. झाड तोडायचं ते वर, कोकोच्या बागांच्याही पलीकडे. तासायचं तेही तिथंच. तासायचा लोखंडी वाकस काम झाल्यावर तिथल्याच एका ढोलीत जायचा. काठाच्या दिशेने तो कधी एक पाऊल आला नाही. फळी प्रत्येकाच्या मापाची. ज्याला हवी त्याने जमिनीवर उताणं पडायचं आणि मामाने वेलीने त्याचं माप घ्यायचं. कोणी पोट आत ओढून घेतलं की मामा पायाने ढोसायचा. "सोड ते पोट! मला फसवशील, तळ्याला कसा फसवशील?" एकाच्या मापाची फळी दुसऱ्याखाली उलटते असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे फळी कोणी कोणाला उसनी देत नाही. रक्ताचीच गोष्ट वेगळी.

एवढा फळ्यांचा राजा, पण स्वतः पाण्यात पाय घालत नव्हता. आंघोळ करायचा तीही अंगणात, मडक्यातल्या पाण्याने. त्यावरून मात्र त्याला कोणी चिडवत नसे, ओबेंगसुद्धा नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची धाकटी बहीण सेर्वा तळ्यानेच नेली होती.

आमचं तळं अधूनमधून बार काढतं. खालून काहीतरी उसळतं, पाणी गढूळतं, बंदुकीच्या दारूसारखा वास गावभर सुटतो आणि मासळी गुंगी येऊन वर तरंगते. मग काय, लहानथोर टोपल्या घेऊन धावतात. त्या दिवशी सेर्वाही धावली. लेक दूफी नुकती पावलं टाकायला लागलेली, तिला शेजारणीच्या कडेवर देऊन गेली. काठाजवळ बुडालेल्या झाडांचे जुने बुंधे आहेत, त्यांच्यापलीकडे एकदम खोल. सेर्वा बुंध्यावरून घसरली ती घसरलीच. मामा तेव्हा आपल्या फळीवर मध्यावर होता. तो आला, बुड्या मारल्या, दिवस मावळेतो शोधलं, दुसऱ्या दिवशी शोधलं, पुढेही शोधत राहिला. तळ्याने तिला परत दिलं नाही. शेवटी मामा काठावर आला, फळी खांद्यावर टाकून घरी नेली आणि आढ्याला बांधून टाकली. त्यानंतर त्या फळीला कोणी हात लावला नाही.

दूफीला त्यानेच वाढवलं. आमच्यात मूल आईच्या घराचं. बाप लाड करतो, मामा वाढवतो, आणि मामाच्या मागे त्याचं जे असेल ते भाच्यांचं. दूफीचा बाप कुमासी शहरात ट्रक चालवायचा, सणासुदीला कापड आणून द्यायचा. बाकी नाक पुसण्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं मामाच्या अंगावर. पोर पहिल्याच दिवशी शाळेतून घरी आली आणि रडायला लागली, कारण दप्तर अंगणात ठेवलं आणि कोंबड्यांनी पाटीवर घाण केली. "मला खिळा हवा! दप्तर टांगायला खिळा हवा!" म्हणून तिने जो काही गोंधळ घातला! मामाने बजावलं, रागावून पाहिलं, लाकडाची खुंटी करून देतो म्हणाला. नाही म्हणजे नाही. वर्गात सगळ्यांकडे खिळा आहे! शेवटी हा लोखंडाचा वैरी बाजारातून एक खिळा घेऊन आला आणि दाराच्या चौकटीत ठोकला. खिळा ठोकायची सवय कुठली त्याला? डोकं तिरकं बसलं. तो तिरकट खिळा तसाच राहिला, दूफी मोठी होऊन कुमासीला शिकायला गेली तरी. चौकटीत तेवढं एकच लोखंड.

कुमासीला पोरगी दगड शिकायला लागली. मामाला हे कधी नीटसं उमगलं नाही. "दगडात काय शिकायचंय?" तो ओबेंगला विचारायचा, आणि दुसऱ्या कोणी हेच विचारलं की त्याच्यावर खेकसायचा, "तुला काय कळतंय? दगडात पुष्कळ असतं!"

त्या वर्षी दूफी सुट्टीला आली ती बांबूची एक लांब नळी, काथ्याच्या दोराचं भेंडोळं आणि वजनाला बांधायला भोक पाडलेला धोंडा घेऊन. तिच्या सोबत्यांकडे लोखंडी नळ्या होत्या. ही आसुआनोची पोर, हिने बांबूची करून घेतली. मामा सूप करायला पामची फळं कुटत बसला होता. दूफीने ताटात कसावाचं पीठ पसरलं आणि हात उंच करून वरून एक लिंबू सोडलं. मधे खड्डा झाला आणि कडेने पीठ उचललं गेलं.

"हे बघ मामा. हा खड्डा म्हणजे आपलं तळं. ही कड म्हणजे भोवतालचे डोंगर. दहा लाख वर्षांमागे आकाशातून एक धोंडा पडला, आपल्या चर्चच्या टेकडीपेक्षा किती तरी मोठा."

"पीठ वाया घालवलंस," मामा म्हणाला. पण बघत राहिला. ताटातलं ते गोल आपल्या तळ्यासारखं दिसत होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. "आणि मग? त्या वेळी इथं जे होते त्यांचं काय झालं?"

"माणसं नव्हती रे इथं. झाडं होती, जनावरं होती."

"त्यांचं काय झालं?"

"जळाली. कित्येक कोसांत काही राहिलं नसेल. दगडसुद्धा वितळला."

मामाने मुसळ बाजूला ठेवलं. "बघ! मी इतकी वर्षं काय म्हणतोय? हे तळं जन्मापासूनच खुनी आहे! आता तुझी पुस्तकंही तेच म्हणतात."

"मामा, ही अर्धीच गोष्ट झाली. पुढचं ऐक ना."

"मला अर्धी पुरे."

"अरे, पण त्यासाठीच तर मी आलेय. मला मधे जायचंय, जिथं बुडबुडे येतात तिथं. तळाचा चिखल काढायचाय. त्यावरच माझं पुढचं शिक्षण आहे. मला फळी करून दे."

मामा कुटलेली फळं तशीच टाकून उठला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथून म्हणाला, "माझं काळीज माग. फळी मागू नकोस."

आता, तळाचा चिखल म्हटल्यावर मामाच्या डोळ्यांपुढे काय येत असेल हे मी सांगायला नको. त्याच्या लेखी तिथं काळोख होता, चिखल होता आणि त्यात एकटी सेर्वा होती. दुसरं काही नव्हतं. आणि ही पोर म्हणते, मला त्याच जागेवर जायचंय!

दूफीही त्याच घरची. ती रुसली नाही, रडली नाही, सरळ थोरल्या आईकडे गेली. थोरली आई बिरागो म्हणजे आमच्या गावची मुख्य बाई; तळ्याचा मान ती राखते, भांडणं ती तोडते. म्हातारीला दिसतं कमी, पण तिच्यापुढे बोलताना सगळे कपडे सावरून बसतात. तिने मामाला बोलावलं.

"का रे आम्पोन्सेम, गावभर फळ्या वाटतोस आणि घरच्या पोरीला नाही?"

"बाई माणूस आहे ती. बायका कुठं फळीवर बसतात?"

"माझी आजी बसायची," थोरली आई म्हणाली. "तुझ्या आजोबापेक्षा बरी बसायची. पोर नियम पाळते, बांबू घेऊन आलीये. दुसरं कारण असेल तर सांग."

दुसरं कारण होतं, पण ते चारचौघांत सांगता येत नव्हतं. मामाने होकाराची मान हलवली आणि वाट धरली.

मग तो वर जाऊन फळी तासायला लागला. मनात होतं, मुद्दाम वाकडी करावी. एक बाजू जड ठेवावी, म्हणजे काठावरच कलंडेल आणि पोर नाद सोडेल. पण सगळ्या जन्माचे शिकलेले हात! डोक्याने कितीही सांगितलं तरी हात ऐकेनात. कमी-जास्त झालं की आपसूक वाकस तिकडे वळे. शेवटी झाली ती अशी देखणी फळी झाली की ओबेंग तिच्यावरून हात फिरवून म्हणाला, "मामा, माझ्या वेळी काय डोळे मिटून काम केलं होतं काय?" मामाला रडू यायचंच बाकी होतं. ओबेंगला वाटलं, म्हातारा कौतुकाने गहिवरला.

नव्या फळीची आमची रीत अशी. आदल्या संध्याकाळी ती धन्याच्या घरी येते, रात्रभर त्याच्या उशाशी राहते. सकाळी काठावर थोरली आई तळव्याने तपासते, ताडीची धार सोडते, मग फळी पाण्याला लागते. घरी आल्यापासून फळीची जबाबदारी धन्याची. तिच्यात लोखंड निघालं, तर धन्याला तळं बंद, जन्मभरासाठी. असं कधी निघालेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं. पण नियम होता, आणि मामाला तो चांगला ठाऊक होता.

आमच्या गावात संध्याकाळी घरोघरी फुफूसाठी उकडलेला कसावा कुटतात. पंधरावीस उखळांचा तो धबधब आवाज, त्यात बाजूचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. दूफी शेजारणीला कुटू लागायला गेली होती. मामाने घरभर शोधलं. एवढ्या मोठ्या घरात खिळा म्हणून एकच. त्याने तो चौकटीतून उपटला. फळी पालथी घातली, दगडाला फडकं गुंडाळलं आणि शेजारच्या मुसळाबरोबर घाव घातला. वर मेण थापून बोटाने सारखं केलं. त्यातला एक घाव आपल्याच अंगठ्यावर बसला होता.

"एक गेली," तो स्वतःशी म्हणाला. "दुसरी देणार नाही. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

सकाळी सगळा गाव काठावर. दूफी नवं कापड कमरेला खोचून उभी, शेजारी बांबू आणि दोर. थोरल्या आईने फळी पालथी घालून घेतली आणि तळवा फिरवायला लागली. फिरता फिरता हात एका जागी थबकला. तिने नखाने मेण खरवडलं.

"हे काय आहे?"

ओबेंग वाकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई... खिळा आहे."

जो काही गलका उठला! "शहरातून शिकून आली आणि तळ्यालाच खिळा मारला?" "यंत्र बसवायचं असेल तिला खाली!" "पुस्तकं डोक्यात गेली की देव दिसत नाही म्हणतात ते हेच!" जिने लहानपणी हिला दूध पाजलं ती शेजारीणसुद्धा कडाकडा बोटं मोडायला लागली. मामाने हा भाग मनात धरलाच नव्हता. पोरीला तळं बंद होईल, ती चार दिवस चिडेल, मग विसरेल, एवढंच त्याचं गणित. लोक तिच्या अंगावर असे थुंकल्यासारखे बोलतील हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही. माणूस घाबरला की त्याची अक्कल तेवढीच चालते.

ओबेंगने दगडाने ठोकून खिळा काढला. थोरल्या आईने तो दूफीपुढे धरला. "पोरी, हा तू मारलास?"

दूफीने खिळा पाहिला. त्याचं तिरकं डोकं पाहिलं. मग क्षणभर, एकच क्षण, तिने मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"फळी माझ्या उशाशी होती," दूफी म्हणाली. "चूक माझीच."

"मग नियम तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, आई."

"आजपासून तळं तुला बंद. तो बांबू जाळायचा."

"बरं."

थोरल्या आईने खिळा तिच्या हातावर टाकला. दूफीने तो कापडाच्या गाठीत बांधला आणि लोकांमधून वाट काढत निघाली. मामाजवळून जाताना थांबली आणि त्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "घरी गेले की परत जागेवर ठोकते हं, मामा."

झालं. हवं ते मिळालं होतं. पोर जन्मभर पाण्यापासून दूर राहणार होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेच त्याला जमेना. तिने एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण ती तर त्याला झाकून घेऊन चालली होती, जसा इतकी वर्षं तो तिला झाकत आला.

"थांबा!" मामा ओरडला. "खिळा मी मारलाय!"

ओबेंग हसला. "काय मामा, तुम्ही आणि खिळा?"

"गप रे! मी मारलाय म्हणतो ना! काल फुफूच्या वेळेला. हा अंगठा बघ. पोरीला काही ठाऊक नाही. तिला पाण्यात जाऊ द्यायचं नव्हतं मला, म्हणून मारला." आणि मग इतकी वर्षं जे कोणापुढे बोलला नव्हता ते सगळ्या गावापुढे बोलला. "भीती वाटते मला. तळ्याची भीती वाटते. सेर्वा नेली, आता हिलाही नेईल. झोपेत मला पाणी दिसतं. बस्स, आता काय करायचं ते करा."

ओबेंगचं हसू मावळलं. दूफी मागे येऊन मामाचा हात धरून उभी राहिली आणि तिनेच तोंड उघडलं.

"आई, त्याला माफ कर. ज्या दगडाने हे तळं झालं ना, त्यातही लोखंड असणारच. आकाशातल्या बहुतेक दगडांत असतं. तळ्यात लोखंड आधीपासूनच आहे. एका खिळ्याचं काय एवढं?"

"म्हणूनच तर!" थोरली आई फाडकन म्हणाली. "एकदा लोखंड पडलं तर डोंगर उलथले, आता आणखी टाकता? आमचे पूर्वज काय वेडे होते?"

कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरा, मग सगळेच. दूफीलाही हसू आवरेना. कुमासीला तिला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. थोरल्या आईने गलका ओसरू दिला आणि मग काठी आपटली.

"खिळा लागलेली फळी जाळा. पोरीची चूक नाही, तिला तळं मोकळं. आणि आम्पोन्सेम, तू माझी माफी मागू नकोस. ज्याचा अपराध केलास त्या तळ्याकडे जा. गुडघाभर पाण्यातून नाही, छातीभर पाण्यात उभा राहून सांग. त्याशिवाय वाकसाला हात लावायचा नाही."

फळी जाळली. तेवढी सुरेख फळी जळताना बघवत नव्हती. आता दूफीला तळं मोकळं होतं, पण फळी नव्हती. आणि मामाच्या हाताला वाकस बंद. ती भेंडोळं उचलून घराकडे निघाली तेव्हा मामा तिच्या पुढे झाला. घरात शिरला, चौरंगावर चढला आणि आढ्याच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी इतक्या आवळल्या होत्या की शेवटी दातांनी सोडाव्या लागल्या. फळी खाली आली तशी बरोबर धुळीचा ढगही आला.

"मामाचं ते भाचीचं," तो खोकत म्हणाला. "मेल्यावर द्यायची असते. जरा आधी देतो."

"मामा, नको. मी पुढल्या वर्षी—"

"धर म्हणतो ना! आणि मापाची चिंता करू नकोस. रक्त एकच आहे."

पण काठावर आल्यावर त्याचे पाय अडले. पाणी दोन हातांवर, आणि माणूस झाडासारखा रुतून उभा. सगळे दूर थांबले होते. मामा दूफीला म्हणाला, "ती उरलेली अर्धी गोष्ट सांग. नुसतं उभं राहवत नाही."

दूफीने फळी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ बसून सांगायला लागली, लहान मुलाला सांगावी तशी.

"दगड पडला, सगळं जळालं, इथवर तू ऐकलंस. पण मामा, खड्डा तापलेला राहिला. खूप वर्षं. खालचे दगड फुटून भेगाच भेगा झाल्या होत्या, त्यांत पाणी शिरलं आणि ऊन ऊन झालं. चुलीच्या वाइलावर भांडं ठेवतो ना, तसं. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, त्यांना असली जागा फार आवडते. भेग म्हणजे घर, ऊब आहे, खायला दगडातलंच काहीबाही. मोठं सगळं मेलं, पण बारकं येऊन राहिलं. असे खड्डे पृथ्वीवर पुष्कळ आहेत, त्यांच्या दगडांत तशा खुणा सापडतात."

"हं."

"आणि याच्याही फार फार आधी, पृथ्वी तान्ही होती तेव्हा, असले धोंडे सारखे पडायचे. शेपटीचे तारे पडायचे, बर्फाने भरलेले. काही शिकलेली माणसं म्हणतात, थोडंफार पाणी त्यांनीच आणलं. जीव ज्याचा बनतो ती सामग्रीही आणली. आणि पहिला जीव कदाचित अशाच एखाद्या ऊन खड्ड्यात धरला. कदाचित हं. नक्की कोणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे ज्याने मारलं त्यानेच पोसलं?"

"तसं असेल. म्हणून तर चिखल हवाय मला. तिथं ऊन पोचत नाही, हवा नाही, आणि तरी जीव जगतात. त्या पहिल्या जीवांच्या रीतीने जगत असतील, असं आम्हाला वाटतं."

मामाने खांद्यावरचं कापड उतरवून ठेवलं, फळीचं एक टोक धरलं आणि पाय आत घातला. "थंड आहे मेलं," म्हणाला. घोट्याएवढ्या पाण्यात थांबला, गुडघ्याएवढ्यात थांबला. बुडालेल्या बुंध्यांपाशी त्याने डोळे मिटले आणि चाचपडत शेवटच्या बुंध्यापर्यंत गेला. छातीला पाणी लागलं तेव्हा त्याचे ओठ हलताना दिसले. तो तळ्याशी काय बोलला ते त्याला आणि तळ्याला ठाऊक. मागून आलेली दूफी फळीवर चढली, बांबू मांडीवर घेतला. फळी डगमगली, मग स्थिर झाली. मामाने टोक धरूनच ठेवलं होतं.

"सोड मामा."

"सोडतो."

"मामा, सोड ना."

त्याने सोडलं. दूफी कवट्यांनी पाणी सारत मध्याकडे निघाली, आणि मामा तिथंच छातीभर पाण्यात उभा राहिला. ऊन चढलं. ओबेंगने हाका मारल्या, "मामा, बाहेर या, गारठाल!" शेजारणीने हाका मारल्या, "सूप निवतंय हो!" तो मागे वळून बघेना. लांबवर पोरगी ठिपक्याएवढी दिसत होती. दोर सोडत होती, ओढत होती, पुन्हा सोडत होती. ठिपका हलला नाही की मामाही हलत नव्हता.

ती परत आली तेव्हा खांद्यापर्यंत चिखलाने माखलेली होती आणि हसत होती. तिने बांबूची नळी मामाकडे दिली. "धर नीट. सांडू नकोस."

मामाने नळीच्या तोंडाशी नाक नेलं. बंदुकीच्या दारूचा वास. त्या दिवसाचाच वास. त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण त्याने नळी दूर केली नाही.

"यात आहेत ते? तू म्हणालीस ते बारीक जीव?"

"खच्चून भरलेत, मामा. बोटभर चिखलात आपल्या देशातल्या माणसांहून जास्त."

"आणि तळाला सगळीकडे असंच आहे?"

"सगळीकडे."

मामाने नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी. डोळ्यांतलं पाणी गालांवरून तळ्यात पडत होतं आणि ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

"मग सेर्वा तिथं एकटी नाही गं," तो म्हणाला.